पोळपाटाचा खण

सांगलीच्या आमच्या घरमालकांनी मला सगळ्यांत जास्त वेळा ऐकवलेला शब्द म्हणजे 'धरा'. गॅलरीत कपडे पिळू नका, जिन्यात सायकल लावू नका, असलं काही ते कधी बोलले नाहीत. पण संध्याकाळी बँकेतून येऊन मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की आतून हाक यायचीच, "सातारकर, आलात? जरा धरा." मग मी डबा खाली ठेवायचो आणि फळीचं, पट्टीचं, दाराचं, त्या दिवशी जे काही चाललं असेल त्याचं दुसरं टोक धरायचो. पहिलं टोक मालकांकडे. सुतारकामातलं माझं कर्तृत्व एवढंच. खिळा ठोकायची संधी मला एकदा मिळाली होती. त्यानंतर हातोडी मालकांनी वरच्या फळीवर, माझा हात पोचणार नाही अशा जागी ठेवायला सुरुवात केली. आमच्या हिला ते फार आवडलं. "निदान सांगलीत एका माणसाने तरी तुम्हांला नीट ओळखलं," ती म्हणाली.

मी मूळचा साताऱ्याचा, म्हणून सातारकर. माझं आडनाव त्यांना ठाऊक होतं, पण त्यांच्या दृष्टीने ती निरुपयोगी माहिती. सगळी नोकरी त्यांनी बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून काढलेली. माणूस कुठे जाणार यावरून त्याला ओळखायचं, ही सवय हाडात मुरलेली. रोज जतला शिकवायला जाणारे शेजारचे प्राध्यापक 'जत'. दूधवाला 'कवलापूर'. आमच्या हिला मात्र ते सूनबाई म्हणायचे, कारण ती सहसा कुठेच जात नसे.

स्टँडवरच्या माईकची दुसरी सवय म्हणजे महत्त्वाची गोष्ट दोनदा सांगायची. "नळाला पाणी आलंय. नळाला पाणी आलंय." पहाटे हे शब्द जिन्यातून वर आले की आम्ही निमूट उठून हंडे लावायचो. एकदा सांगितलेली गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली नाही, तर ती फारशी महत्त्वाची नाही असं समजून आम्ही कूस बदलायचो.

जन्मभर लोकांना गाड्यांत बसवून पाठवलं, पण स्वतः मात्र ते सहसा कुठे जायचे नाहीत. मी शनिवारी साताऱ्याला निघालो की ते दाराशी उभे राहून मला माझ्याच गावची वाट सांगायचे : इस्लामपूर, पेठ नाका, कराड, उंब्रज, सातारा. कुठली गाडी कुठे किती थांबते, कुठल्या ड्रायव्हरचा चहा कुठल्या टपरीवर असतो, तेही. ते निवृत्त झाल्यावर वेळापत्रक दोनदा बदललं होतं. पण मालकांचं वेळापत्रक त्यांच्या मनगटावर होतं आणि ते बदलायला ते तयार नव्हते. मी त्यांच्या वेळेने निघून कितीतरी गाड्या चुकवल्या. परत येऊन सांगितलं की म्हणायचे, "गाडी चुकली असेल. वेळ बरोबर होती."

आम्ही वर राहायला गेलो त्याच्या थोडं आधी काकू, म्हणजे मालकांची बायको, पुण्याला मुलाकडे गेल्या होत्या. सुनेचं बाळंतपण. मग बारसं झालं, मूल रांगायला लागलं, सून कामावर जायला लागली. काकू तिथेच राहिल्या. भांडण नाही, तंटा नाही. त्या गेल्या आहेत असं कुणी म्हणत नव्हतं, त्या आल्या नाहीत एवढंच.

जाताना मात्र त्या एक वाक्य बोलून गेल्या होत्या. ते मालकांनी मला पहिल्या आठवड्यातच सांगितलं, आणि दोनदा सांगितलं. त्या घरात स्वयंपाक खाली बसून व्हायचा. शेगडी जमिनीवर, परात जमिनीवर, डबे भिंतीतल्या कोनाड्यात आणि उरलेले पलंगाखाली. काकूंचे गुडघे गेले होते. स्टँडवर गाडीत बसता बसता त्या म्हणाल्या, "आता खाली बसून चपात्या लाटणं होत नाही हो. उभ्याचा ओटा करा, हाताशी चार खण करा, मग येते."

बाई निघताना असं काहीबाही बोलतेच. मालकांनी तो करार धरला. ओट्याचा दगड तेवढा गवंड्याकडून बसवून घेतला आणि त्याखालची कपाटं, ड्रॉवर, वरची मांडणी, सगळं स्वतः करायला घेतलं. यापूर्वी लाकडाशी त्यांचा संबंध स्टँडवरच्या बाकापुरता होता.

मी एकदा म्हटलं, "मालक, एखादा मिस्त्री आठवड्यात करून देईल की."

त्यांनी रंधा थांबवला. "आणि मग पुढं?"

मला वाटलं, पुढे म्हणजे पॉलिश. मी पॉलिशवाल्याचं नाव सुचवलं. माझी समज तेव्हाही बेताचीच होती.

आमच्या हिने खालचं घर एकदाच नीट पाहिलं आणि वर येऊन मला म्हणाली, "काकू येणार नाहीत."

"कशावरून?"

"डबे इथे आहेत, बरण्या इथे आहेत, पितळी परात इथे आहे. पोळपाट-लाटणं तेवढं नेलंय. चार महिन्यांसाठी जाणारी बाई पोळपाट नेत नाही. हाताला सवय झालेला एकच असतो तो."

मी तिला म्हटलं, असं काही नसतं. बायकांच्या या असल्या अंदाजांना मी नेहमीच असं म्हणतो आणि नंतर गप्प बसतो.

लाकूड मालक वखारीतून आणायचे. जुन्या घरांतून निघालेलं सागवान. वखारवाला कुपवाडकडचा रांगडा माणूस. मला वाटतं, त्याच्या आयुष्यात एवढं लाकूड हाताळून एवढं कमी विकत घेणारं गिऱ्हाईक दुसरं आलं नसावं. फळी घरी आणायची, भिंतीला टेकवून ठेवायची, आणि रोज तिच्यावर तळवा ठेवून म्हणायचं, "अजून बसलं नाही." म्हणजे लाकूड अजून हवेला सरावलं नाही. पहिल्या वर्षी त्यांनी केलेले दोन ड्रॉवर चैत्रात लोण्यासारखे सरकले आणि आषाढात असे फुगले की बाहेर काढायला आम्हां दोघांना भिंतीला पाय लावावे लागले. मी उताणा पडलो, ड्रॉवर माझ्या पोटावर. मालक म्हणाले, "सोडू नका, धरा." तेव्हापासून त्यांना प्रत्येक ऋतूची एक अडचण सापडली. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, थंडीत पॉलिश वाळत नाही.

"आवं मालक," वखारवाला एकदा माझ्यादेखत म्हणाला, "पावसात म्हनता फुगलंय, उन्हात म्हनता आकसलंय. ही लाकूड हाय का जावई हाय? रुसवा काढण्यातच वरीस चाललंय तुमचं."

मालक शांतपणे फळीवर तळवा ठेवून म्हणाले, "बसायला वेळ लागतो."

"लय लागतोय पर," वखारवाला म्हणाला आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काकी कवा यायच्या हायत?"

"स्वयंपाकघर झालं की."

त्याने तंबाखू मळता मळता माझ्याकडे पाहिलं. "मंजी अवघड हाय," तो म्हणाला.

आमच्याकडे तेव्हा फोनचा नंबर नुकताच लागला होता. मालकांकडे फोन नव्हता. घंटा वाजली की काळजात धस्स होतं, म्हणून त्यांनी घेतला नव्हता. त्यामुळे रविवारी सकाळी पुण्याहून काकूंचा फोन आमच्याकडे यायचा. त्याच्या बऱ्याच आधी मालक इस्त्रीचा शर्ट घालून वर येऊन बसलेले असायचे. हातात टेप, कानाला पेन्सिल. फोन वाजला की रिसिव्हर तोंडापासून हातभर लांब धरायचे, माईक धरावा तसा. त्यामुळे काकूंचा आवाज आम्हां सगळ्यांना ऐकू यायचा. आम्ही वर्तमानपत्रात डोकं घालून बसायचो. वाचत कुणीच नव्हतं.

"हॅलो. मी बोलतोय. मी बोलतोय."

"कळलं हो. दुसरं कोण बोलणार? जेवताय ना नीट?"

"अगं, ते राहू दे. लोणच्याची मोठी बरणी. तिची उंची झाकणासकट धरू की झाकणाशिवाय?"

"बरणी तुमच्याच घरात आहे. उठून बघा की."

"बघितली. पण तू तिच्यावर दादरा बांधतेस. फडक्याची गाठ वर येते ना. ती किती?"

तिकडे मागे नातवाचा आवाज. मग, "दोन बोटं धरा."

"तुझी की माझी?"

"माझी. गाठ मी बांधते ना?"

फोन ठेवला की मालक आमच्या हिच्याकडे वळायचे. "सूनबाई, जरा दोन बोटं द्या." ही हात पुढे करायची, मालक टेप लावायचे. काकूंची मापं वितीत आणि बोटांत, मालकांची टेपावर, आणि मधे आमच्या हिचा हात. तिची आणि काकूंची चण एकच, असं मालकांनी ठरवून टाकलं होतं. ओट्याची उंची हिच्या कोपराने ठरली, वरच्या फळीची उंची हिच्या टाचा न उचलता पुरणाऱ्या हाताने. पुढे पुढे हीच रविवारी बांगड्या मागे सारून बसायला लागली.

पोळपाटाचं माप त्यांनी सगळ्यांत शेवटी विचारलं.

"पोळपाट केवढा गं तुझा?"

"एक वीत आणि वर चार बोटं."

"पायांसकट उंची?"

"चार बोटं." मग काकूंनी विचारलं, "त्याला कशाला वेगळा खण?"

"सारखा लागतो ना. वाकायला नको."

मालक रिसिव्हर हातभर लांब धरून वाट पाहत उभे. शेवटी काकू म्हणाल्या, "बाळ उठला वाटतं. ठेवते."

मी त्यांना एकदा सरळच विचारलं, की तुम्हीच का नाही जाऊन राहत पुण्याला?

"जाऊन आलो," ते म्हणाले. "चांगलं घर आहे पोराचं. पण तिथं सगळं आधीच केलेलं आहे. दार ओढलं की उघडतं, ढकललं की मिटतं. माणसानं दिवसभर करायचं काय?"

स्वयंपाकघर पुरं झालं तेव्हा त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. रंध्याखालून निघालेल्या ढलप्यांचं पोतं ते आमच्या बंबासाठी जिन्यात ठेवायचे. ते यायचं बंद झालं. खाली गेलो, तर ओट्याखाली सागवानी कपाटांची रांग, त्यांत ड्रॉवर, पितळी मुठी, सगळं तेलपाणी केलेलं. ड्रॉवरच्या पट्ट्यांवर त्यांनी मेणबत्ती घासली होती. एका बोटाने ओढला की बाहेर, एका बोटाने आत. आणि मालक मधल्या खोलीत जमिनीवर स्टोव्ह ठेवून उकडलेला बटाटा सोलत बसले होते.

"इकडे का? ओटा आहे की," मी म्हटलं.

"अजून बसलं नाही," ते म्हणाले. त्या दिवशी धरायला काहीच नव्हतं. मी तरी थोडा वेळ उभा राहिलो.

रविवारी फोन आला. मालक काकूंना मसाल्याच्या डब्याच्या झाकणाविषयी काही विचारणार, तेवढ्यात आमच्या हिने रिसिव्हर आपल्याकडे घेतला आणि म्हणाली, "काकू, झालं हो तुमचं स्वयंपाकघर. केव्हाचंच झालंय. या आता." मालकांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. फलाटावर निम्मे प्रवासी असताना कुणी गाडीची घंटी वाजवून टाकावी, तसं पाहिलं.

काकू आल्या. संक्रांत होऊन गेली होती, कोरडी थंडी होती. सुनेने रजा काढली होती म्हणून जमलं, असं त्यांनी आल्या आल्याच सांगितलं. मालकांनी सकाळीच दाढी करून ठेवली होती. काकूंनी एकेक खण ओढून पाहिला. डबे, वाट्या, मसाला, लोणच्याच्या बरणीवरची गाठ. मालक स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाहुण्यासारखे उभे.

"उंची?" त्यांनी विचारलं.

काकू ओट्याशी उभ्या राहिल्या, दोन्ही हात दगडावर टेकवले. "बरोबर आहे हो."

"वाकावं नाही ना लागत?"

"नाही लागत." मग आमच्या हिच्याकडे बघून हसल्या. "हिच्या मापाचं केलंत ना? हिला एकदा बोलावून चपात्या करून घ्यायच्या होत्या. फुकट दोन वर्षं बटाटे खाल्लेत."

त्यांनी उभ्याने कणीक मळली. मग सहज हात खाली गेला आणि त्यांनी पोळपाटाचा खण ओढला. तो रिकामा होता. आत नुसतं ताजं लाकूड.

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "पोळपाट पुण्यालाच राहिला."

"राहू दे," मालक म्हणाले. "पुढच्या खेपेला आण."

आमची ही वर जाऊन आमचा पोळपाट घेऊन आली. काकूंनी आम्हां सगळ्यांना गरम चपात्या वाढल्या. मालक जेवत होते, पण बोलत नव्हते. एरवी भाजीत मीठ कमी असलं तरी दोनदा सांगणारा माणूस. नंतर काकूंनी पोळपाट पुसून त्या खणात ठेवून पाहिला. नेमका बसला. हिच्याच हाताने मोजलेला होता तो खण.

संध्याकाळी त्या वर आल्या आणि हिच्याजवळ बसल्या. मी आतल्या खोलीत होतो. आमच्या घरात आतली खोली म्हणजे पडद्यापलीकडची, त्यामुळे मला न ऐकण्याचा काही मार्ग नव्हता.

"नातू माझ्याच कुशीत झोपतो गं," काकू म्हणाल्या. "पोरं दोघंही रात्री दमून येतात. त्यांना सोडून आता कुठली येते मी?"

"काकांना सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात? त्यांना काय कळत नाही?" मग, "पण मला वाटलं नव्हतं हो, माणूस खरंच करत बसेल."

जायच्या दिवशी मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेलो. रिक्षात ते दोघं मागे, मी पुढे रिक्षावाल्याशेजारी अर्धा लटकत. स्टँडवर मालकांची चाल बदलली. त्यांनी फलाट शोधला नाही, सरळ गेले. खिडकीजवळची जागा धरली, पिशवी वर ठेवली, ड्रायव्हर कोण ते पाहिलं. दाराशी उभ्या असलेल्या दोन मुलांना त्यांनी आत जायला लावलं. मग खाली उतरून ते खिडकीखाली उभे राहिले. आता सांगण्यासारखं कुणाकडेच काही नव्हतं. ओटा झाला होता, चार खण झाले होते. गेल्या वेळी याच जागी जे बोलणं झालं होतं ते पूर्ण झालं होतं, आणि गाडी पुन्हा पुण्याकडेच तोंड करून उभी होती.

कंडक्टरने दार ओढलं. काकूंनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"अहो, तो पोळपाटाचा खण जरा अडतोय बघा."

मालकांनी वर पाहिलं. "अडतो?"

"बाहेर येताना. तेवढा नीट करा. रविवारी सांगा मला कसा झाला ते."

गाडी हलली. मालकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "वेळेवर सुटली." मला माहीत होतं, ती उशिरा सुटली होती.

घरी आल्यावर ते रंधा शोधायला आत गेले, तेवढ्यात मी तो खण ओढून पाहिला. एका बोटाने बाहेर आला. एका बोटाने आत गेला. आमचा पोळपाट त्यात नव्हता. सकाळीच तो धुऊन पुसून त्यांनी हिला परत केला होता. राहू दे की, असं ही म्हणाली, तर म्हणाले, "नको. एका घरात दोन झाले की गोंधळ होतो."

ते रंधा घेऊन आले. मी म्हटलं, "मालक, हा तर—"

"अडतो," ते म्हणाले. "अडतो."

मग त्यांनी खण पूर्ण बाहेर काढला आणि ओट्यावर आडवा ठेवला. "धरा."

मी धरला. ते एकेका बाजूवरून रंधा फिरवायला लागले, सावकाश, लांब लांब हात घेत. मधेच थांबून घड्याळ पाहायचे. "इस्लामपूर गेलं," म्हणायचे. पुन्हा रंधा. "आता पेठ नाका. तिथं चहा घेतील." आमची ही वरून जेवायला हाक मारत होती आणि मी 'आलो' म्हणत तसाच उभा होतो. कराड गेलं. मी खाली पाहिलं. एवढा वेळ रंधा चालला होता आणि फरशीवर एक ढलपी पडली नव्हती. रंध्याचं पातं त्यांनी आत ओढून घेतलेलं होतं. नुसतं लाकडावरून लाकूड फिरत होतं.

"उंब्रज," ते म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या टोकापासून सुरुवात केली. "आता तुमचं गाव येईल, सातारकर. नीट धरा."

मी नीट धरलं.